चर्चचे दप्तर तपासणारा जाणकार : एक दुर्लक्षित करिअर

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत मंदिर आणि मठाबरोबर चर्चचाही समावेश असल्याने राज्यातील चर्चच्या न्यासांचा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी कायमचा संबंध येतो, आणि तेथून नोटीस येण्याआधीच ठरावीक काळाने दप्तर तपासून उणिवा दाखवून देणाऱ्या जाणकाराची गरज त्यातूनच निर्माण होते. या कामाला अनुपालन तपासणी म्हणतात. ते सनदी लेखापालाच्या वार्षिक लेखापरीक्षणाहून वेगळे आहे, कारण येथे हिशेबाइतकेच ठराव, करारनामे आणि मुदती पाहिल्या जातात.

विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांत बदल अर्ज, म्हणजे नोंदीतील फेरफार कळवणारा अर्ज, दाखल करावा लागतो. पण धर्मगुरूंच्या बदल्या नित्याच्याच असल्याने परिशिष्ट 1 च्या उताऱ्यावर, म्हणजे न्यासाच्या अधिकृत नोंदीवर, केव्हाच बदलून गेलेल्या किंवा दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहू शकतात आणि बँकेने उतारा मागितला की सारे घोडे तेथेच अडते. मिळकतीचे प्रश्न त्याहून नाजूक असतात. चर्चचा हॉल पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचा झाल्यास कलम 36 नुसार पूर्वमंजुरी आवश्यक ठरते, कारण इमारत व बिगरशेती जमिनीसाठी तीन वर्षांची आणि शेतजमिनीसाठी दहा वर्षांची मर्यादा आहे. तपासनिसाने म्हणूनच पावतीपुस्तकांआधी करारनाम्यांची फाइल मागवणे शहाणपणाचे.

परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेची नोंदणी पाच वर्षांची असते, या देणग्यांच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर त्यांतून करायच्या प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे आणि एफसी-4 हे विवरणपत्र 31 डिसेंबरपर्यंत भरावे लागते. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मगुरू व धर्मभगिनींच्या वेतनातून आयकराची उद्गम कपात होते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले. असे निर्णय वेळेवर वाचणे हाही या कामाचाच भाग आहे.

या क्षेत्रात येण्यासाठी बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, कंपनी सचिव किंवा सनदी लेखापाल हे तीन मार्ग सरळ आहेत. ख्रिस्ती असण्याची अट नाही, मात्र धर्मप्रांत, धर्मग्राम आणि पाळक यांची रचना समजून घ्यावी लागते, कारण चर्च एका गावात आणि त्याची जमीन धर्मप्रांताच्या न्यासाच्या नावावर, असेही आढळते. कमाईविषयी पालकांना येणारी शंका रास्त आहे. केवळ चर्चच्या कामावर घर चालवण्याचा हिशेब कोणी मांडू नये. पण विश्वस्तव्यवस्था अधिनियम देवस्थाने, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय रुग्णालयांनाही लागू असल्याने शिकलेले कौशल्य वाया जात नाही. ज्या विद्यार्थ्याला पदवीपूर्वीच अनुभव हवा असेल, त्याने न्यासांची कामे पाहणाऱ्या वकिलाकडे उमेदवारी करून बदल अर्ज, सातबारा आणि लेखापरीक्षण अहवाल वाचण्याचा सराव करावा. यांतील बरीच कागदपत्रे मराठीत असल्याने मराठी माध्यमातील विद्यार्थी येथे मागे पडत नाही.