मुलांच्या हातातील मोबाइल आणि वर्गातील पाठ

मुलांचे लक्ष अभ्यासावरून उडाले आणि ते मोबाइलने पळविले, अशी तक्रार अलीकडे शिक्षकांच्या बोलण्यात वारंवार येते. तक्रार खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. जे मूल पाठ्यपुस्तक उघडावयास कंटाळते, तेच मूल घरच्या मोबाइलवर झाडावरच्या पक्ष्याचे छायाचित्र घेते, मुंबईस असलेल्या काकांना आपल्या आवाजात निरोप धाडते, आणि लिहिता येत नसले तरी बोलून हवे ते शोधून काढते. पाहणे, सांगणे व विचारणे या तिन्ही क्रिया वर्गात घडाव्यात म्हणूनच शिक्षक धडपडत असतो. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे जुने सूत्र आहे. आजच्या मुलाच्या ज्ञातात मोबाइलचा समावेश झाला आहे, एवढे मान्य केले म्हणजे पुढील विचार सोपा होतो.

२०२४ च्या ‘असर’ अहवालात देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी आहे. त्यांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो शिक्षणाच्या कामी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. ही मुले प्राथमिक शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली आहेत. साधन हाताळण्याचे कौशल्य त्यांना कोणी शिकविले नाही. ते त्यांनी आपणच मिळविले. ते कशासाठी वापरावे, हे मात्र कोणीतरी शिकवावे लागते. आणि त्याचा पाया प्राथमिक वर्गातच घालता येतो.

साधन आणि चर्चा

नवे साधन गावात येण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी मुलखातील १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि पटेल ते गावात करून पाहावे, अशी योजना होती. श्रोतृमंडळे असलेल्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या व रेडिओ नसलेल्या गावांशी करण्यात आली. ऐकून चर्चा करणाऱ्या गावांतील लोकांच्या ज्ञानात पुष्कळ भर पडली. केवळ रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी आढळली. साधन कानाशी असले म्हणजे शिक्षण होते असे नाही. त्याभोवती प्रश्नोत्तरे व्हावी लागतात, हाच या प्रयोगाचा धडा.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली व घरच्या मोबाइलवर मुलांना कविता, चित्रफिती व स्वाध्याय उपलब्ध करून दिले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. घरी जे साधन आधीच होते, त्यालाच त्यांनी पाठाशी जोडून घेतले, ही त्यांच्या कार्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय.

नमुनापाठ : पालीचा तिठा

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव अशा पाठास फार सोयीचे आहे. हातखंब्याहून येणारा रस्ता येथे दुभंगतो. एक फाटा लांजा-राजापुरावरून गोव्याकडे जातो; दुसरा नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापुरास पोहोचतो. इयत्ता पाचवीसाठी ‘नकाशा व अंतर’ हा घटक येथे पुढीलप्रमाणे घेता येईल.

साहित्य : जिल्ह्याचा प्रमाणबद्ध नकाशा, दोरा, मोजपट्टी, वह्या आणि शिक्षकाचा एक मोबाइल.

प्रस्तावना : पालीहून कोण कोण कोल्हापुरास गेले आहे? किती वेळ लागला? गाडी कोठे कोठे थांबली? मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत.

विषयप्रतिपादन : नकाशावरील पाली ते साखरपा या रस्त्याच्या वळणांवरून गटागटाने दोरा ठेवावा, तो मोजपट्टीवर मोजावा व प्रमाणाने गुणावा. समजा, नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे ५ किलोमीटर असून दोरा ४ सेंटीमीटर भरला, तर अंतर २० किलोमीटर येईल. नंतर दोरा ताणून सरळ रेषेतील अंतर काढावे. दोन्ही उत्तरे वहीत लिहून झाल्यावरच शिक्षकाने मोबाइलवरील नकाशा उघडावा. कोणत्या गटाचे उत्तर जवळ आले? फरक का पडला? सरळ रेषेहून रस्ता लांब का?

संकलन : मोबाइलने दाखविलेला प्रवासाचा वेळ व एस.टी.ला प्रत्यक्ष लागणारा वेळ यांची तुलना करावी. थांबे, घाटातील वळणे, पावसाळ्यातील धुके ही कारणे मुलेच सांगतील. ज्याच्या घरी मोबाइल नाही, पण जो आजोळी एस.टी.ने जातो, त्याला अशा वेळी यंत्राहून अधिक माहिती असते. त्याला अवश्य बोलू द्यावे.

गृहपाठ : घरातील वडील माणसांस विचारून आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा हाताने काढावा.

रस्त्यावरील किलोमीटरचे दगड दाखविण्यासाठी मुलांना महामार्गावर नेऊ नये. त्यांची नोंद शिक्षकाने आधी करून आणावी.

इतर उपक्रम

वाचन : मुलाचे एका परिच्छेदाचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्यालाच ऐकवावे. कोठे अडखळलो, कोठे विराम सुटला, हे मूल स्वतः ओळखते. तोच परिच्छेद आठ दिवसांनी पुन्हा घ्यावा.

परिसर अभ्यास : शाळेजवळच्या एका आंब्याचे छायाचित्र दर आठवड्यास एकाच जागेवरून घ्यावे. मोहोर, कणी, कैरी व फळ यांच्या तारखा वहीत नोंदवाव्यात. वर्षअखेर मुलांनी स्वतः लिहिलेला धडा तयार होतो.

भाषा : आजीकडून जुन्या भातांच्या जाती, मासे, भांडी व शेतीची अवजारे यांची नावे मुद्रित करून आणावीत, मोबाइल नसेल त्याने ती लिहून आणावीत. घरच्या बोलीतील शब्द व पुस्तकातील शब्द शेजारी मांडावेत. यात बोलीची थट्टा होऊ देऊ नये.

गणित : आधी अंदाज, मग वहीतील आकडेमोड आणि शेवटी मोबाइलवर पडताळा, हा क्रम मोडू नये.

दोन सावधानता

पहिली, मोबाइल नसलेल्या मुलाविषयी. पुष्कळ घरांत एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून मोबाइलवाचून पुरा होणारच नाही, असा गृहपाठ देऊ नये. ‘कोणाकोणाकडे मोबाइल आहे?’ असे भर वर्गात विचारून हात वर करावयास लावू नये. वरील नमुनापाठास एकच मोबाइल पुरतो, तोही शिक्षकाचा. रेंज नसल्यास नकाशाचे चित्र आदल्या दिवशी साठवून ठेवावे. गटात काम करताना मोबाइल चालविणारे मूल नेहमी एकच असू नये. विशेषतः मुलींची पाळी चुकणार नाही, याकडे लक्ष द्यावे.

दुसरी सावधानता सत्यासत्याविषयी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांस ठार मारले. त्या दिवसांत अशा अफवा मोबाइलवरूनच गावोगाव फिरत होत्या. ही घटना लहान मुलांना सांगण्याजोगी नाही; पण शिक्षकाने ती विसरू नये. आलेला निरोप पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय पाचवी-सातवीच्या मुलांना लावता येते : हे कोणी सांगितले? त्याला हे कसे कळले? आणखी कोठे याचा पडताळा मिळतो? मोबाइलने दिलेले अंतर दोऱ्याच्या मापाशी ताडून पाहणारे मूल हीच सवय शिकत असते.

मोबाइल घरात आला आहे व तो तेथे राहणार आहे. शाळेने त्याकडे पाठ फिरविली, तर त्याचा उपयोग मुलांना दुसरेच कोणी शिकवतील. आठवड्यातून एक पाठ वरील रीतीने घ्यावा, त्याचे टाचण ठेवावे आणि काय साधले व काय फसले हे केंद्राच्या शिक्षण परिषदेत सहकाऱ्यांपुढे मांडावे. अशा चर्चेतून एकाचा अनुभव सर्वांच्या कामी येतो.