संगणक प्रकल्प आणि त्यातील माणसे

आज आपली अनेक मुले-मुली संगणक क्षेत्रात नोकरी करीत आहेत. त्यांपैकी काहींचे पद 'बिझनेस अ‍ॅनालिस्ट' असे असते. हा कर्मचारी सहसा प्रोग्रॅम लिहीत नाही. ज्यांना नवी प्रणाली हवी आहे त्यांची गरज समजून घ्यायची आणि ती प्रणाली तयार करणाऱ्यांना नेमक्या शब्दांत सांगायची, हे त्याचे काम. यातील सर्वांत अवघड भाग यंत्राचा नसून माणसांचा आहे.

प्रकल्पामुळे ज्याचे काही बनते वा बिघडते, त्या प्रत्येकाला 'स्टेकहोल्डर' म्हणतात. आपण त्याला 'संबंधित' म्हणू. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. म्हणून उदाहरण बँकेचेच घेतो. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीने बँकांच्या यंत्रीकरणाविषयी अहवाल दिला. त्याआधीच, १९८३ साली, इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला होता. नोकऱ्या जातील ही कर्मचाऱ्यांची भीती खरी होती. तिच्यावर आधी बोलणी झाली, मग यंत्रांचा मार्ग मोकळा झाला. संबंधितांना सांभाळणे म्हणजे गोड बोलून गप्प करणे नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

नव्याने या कामात पडणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) प्रथम यादी करावी. बँकेच्या प्रणालीत वरिष्ठ व्यवस्थापन, शाखाधिकारी, काउंटरवरील लिपिक, रोखपाल, लेखापरीक्षक, रिझर्व्ह बँकेचे नियम आणि खातेदार हे सर्व येतात.

२) प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न लिहावेत : निर्णयावर याचा प्रभाव किती? आणि निर्णयाची झळ याला किती? ज्याचा प्रभाव मोठा त्याला वेळोवेळी माहिती द्यावी. ज्याला झळ मोठी पण प्रभाव कमी, त्याच्याकडे आपण होऊन जावे.

३) "तुम्हाला काय हवे?" एवढेच विचारू नये, "तुम्ही हे काम कसे करता ते दाखवा," असे म्हणावे. साहेबांसमोर लिपिक मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून त्याला वेगळे भेटावे.

४) मतभेद झाकू नयेत. समजा, चुकीची नोंद चटकन खोडता यावी असे लिपिकाला वाटते, तर कोणतीही नोंद पुसली जाऊ नये असा लेखापरीक्षकाचा आग्रह आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. दोघांना एकत्र बसवले की मार्ग निघतो : मूळ नोंद कायम ठेवून उलट नोंद करायची, तिला अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची आणि दोन्ही नोंदी खात्यात दिसू द्यायच्या. तरीही एकमत झाले नाही, तर निर्णय कोणाचा हे आधीच ठरलेले असावे.

५) ठरलेले लगेच लिहून सर्वांना पाठवावे व होकार घ्यावा. तोंडी होकार सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही. मागाहून कोणी बदल सुचविल्यास "होईल" असे त्याच जागी म्हणू नये. वेळ व खर्च किती वाढेल ते सांगून निर्णय घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. काही संबंधित बैठकीत कधीच नसतात. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय सुरू झाली. तीत बोटांच्या ठशांवरून किंवा डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटते. परंतु वयाने आणि कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला नीट टिपता येत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोयही त्यात आली. ज्याने आयुष्यभर खोरे-पाटी उचलली, त्याच्या बोटांचा विचार कागदावर गरजा लिहितानाच व्हायला हवा. तो माणूस वातानुकूलित खोलीतील बैठकीला येणार नाही. त्याची बाजू मांडणारे कोणीतरी तेथे हवे.

आपल्या मुलांना येथे एक बळ आहे. काउंटरपलीकडे रांगेत उभी राहणारी माणसे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिली आहेत. बैठकीत बसण्याची संधी मिळाली की त्यांनी निःसंकोचपणे विचारावे, "ज्याला लिहिता-वाचता येत नाही, तो हे कसे वापरील?" हा प्रश्न विचारल्याने कोणाचा मान कमी होत नाही, उलट प्रकल्प पक्का होतो.