परक्या गाडीचा चालक

प्रास्ताविक

दुसऱ्याचे वाहन दूरच्या गावी नेऊन पोहोचवणे हा आपल्या देशातील एक जुना व्यवसाय आहे. त्या निमित्ताने चालकाला मोठा मुलूख पाहायला मिळतो. बंगळुरू ते पुणे या मार्गाच्या आधारे या व्यवसायाची ओळख या पाठात करून घेऊ.

मूळ पाठ

बंगळुरूच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर, तमिळनाडूच्या हद्दीत होसूर हे औद्योगिक शहर आहे. अशोक लेलँड या कंपनीचा कारखाना तेथे १९८० पासून चालू आहे. अशा कारखान्यातून बाहेर पडणारे प्रत्येक अवजड वाहन पूर्ण बांधलेले असतेच असे नाही. पुष्कळदा इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि लांबलचक लोखंडी चौकट एवढेच त्याचे रूप असते. चालकांच्या बोलीत त्याला 'चासी' म्हणतात. छप्पर, दारे आणि आसने पुढे दुसऱ्या कार्यशाळेत बसवली जातात. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या पुण्यातील दापोडी कार्यशाळेत अशा चासींवर एस.टी. बसची बांधणी वर्षानुवर्षे होत आली. आता महामंडळ पूर्ण बांधलेल्या बसही विकत घेते.

लहान मोटारी वाहक ट्रकवर चढवून दूर नेता येतात. चासी मात्र बहुधा स्वतःच्या चाकांवरच निघते, आणि तिला नेण्यासाठी चालक लागतो. ही गाडी त्याच्या मालकीची नसते आणि ज्याच्याकडे ती जाणार त्याची व चालकाची ओळखही नसते. वाहनाची नोंदणीसुद्धा तात्पुरती असते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरे दिसली की ते ओळखावे. चासीला बांधणीसाठी कार्यशाळेत थांबावे लागले, तर तात्पुरत्या नोंदणीची मुदत वाढवून देण्याची तरतूद आहे.

उघड्या चासीवरचा प्रवास फोटोत मौजेचा दिसतो. प्रत्यक्षात तो कष्टाचा असतो. बसायला साधी फळी किंवा तात्पुरते आसन, डोक्याला गुंडाळलेले फडके आणि समोरून येणारी धूळ. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने जानेवारीची पहाट तेथे चांगलीच बोचते. याशिवाय एक धोका पटकन लक्षात येत नाही. मागे काहीच वजन नसल्याने मागच्या चाकांची रस्त्यावरील पकड कमी असते. ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबला, तर ती चाके जागीच अडकून गाडी घसरू शकते. भरलेला ट्रक चालवण्याची सवय असलेल्यालाही रिकामी चासी नव्याने शिकावी लागते.

वाट मात्र सुंदर आहे. तुमकुरूच्या नारळबागा मागे पडल्या की चित्रदुर्गाचे खडकाळ डोंगर आणि त्यांवरच्या पवनचक्क्या दिसू लागतात. दावणगेरेला लोण्याचा डोसा मिळतो. हरिहरजवळ तुंगभद्रा ओलांडली की हावेरी जिल्हा लागतो. येथील ब्याडगीची मिरची प्रसिद्ध आहे. पुढे हुबळी, धारवाड आणि बेळगाव. चहाच्या टपरीवरची कन्नड बेळगावच्या आसपास मराठीत मिसळू लागते आणि निपाणीनंतरच्या कागलला रस्ता महाराष्ट्रात शिरतो. हा बदल विमानातून जाणाऱ्याला कधीच ऐकू येत नाही. या वाटेवर संकटेही येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरजवळ शिरोली येथे महामार्गावर आले आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. पूर्ण बांधलेल्या ट्रकच्या चालकाला निदान आपल्या केबिनमध्ये निजता येते. चासीवाल्याला तेवढाही आडोसा नसतो.

येथे थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. होसूर ते पुणे हे अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरले, तर केवळ चाक फिरण्याचे २२ तास होतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार दिवसाला आठ तास काम ठरलेले होते. लांब पल्ल्याच्या मार्गावर ते वाढवता येत असे, पण दहा तासांपलीकडे नाही. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांतीही आवश्यक होती. म्हणजे हा प्रवास आठ तासांच्या हिशेबाने जवळजवळ तीन दिवसांचा आहे. ज्याला खेपेमागे ठोक रक्कम मिळते, त्याला मात्र तो दोन दिवसांत उरकण्याचा मोह होतो. लवकर पोहोचला तर पुढची खेप लवकर मिळते. चित्रदुर्गाचा किल्ला दहा वेळा दिसूनही त्याची एकही पायरी चढलेली नसणे, हे या धंद्यात नवल नाही.

अमेरिकेत विसाव्या शतकात या व्यवसायाला निराळे वळण मिळाले. एखाद्याला आपली मोटार देशाच्या दुसऱ्या टोकाला हवी असे. मध्यस्थामार्फत ती नेण्याचे काम विद्यार्थी किंवा भटके तरुण पत्करत आणि त्यांना जवळजवळ फुकट प्रवास घडे. जॅक केरुआक यांच्या १९५७ च्या 'ऑन द रोड' या कादंबरीत डेन्व्हरहून शिकागोला अशीच एक कॅडिलॅक नेली जाते. तेथे भटकण्यासाठी गाडी नेली जाई; येथे पोटासाठी.

बंगळुरूत याच कामाचा एक सौम्य प्रकारही आहे. नोकरीत बदली झालेली कुटुंबे स्वतः विमानाने किंवा रेल्वेने जातात आणि मोटार पुण्याला नेण्यासाठी चालक नेमतात. या कामात ऊनपावसाचा त्रास नाही, पण जबाबदारी तितकीच आहे. निघण्यापूर्वी नोंदणीपत्र, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र पाहावे आणि मालकाचे पत्र जवळ ठेवावे. गाडीवर आधीच असलेले ओरखडे मालकासमक्ष लिहून घ्यावेत, नाहीतर ते चालकाच्या माथी येतात. परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची असेल, तर तेथील नवा नोंदणी क्रमांक घेणे हे मालकाचे काम आहे, चालकाचे नव्हे. आणि पुण्यात किल्ली सोपवल्यावर चालकाजवळ गाडी उरत नाही. त्याला बसने किंवा रेल्वेने ८४० किलोमीटर परत बंगळुरूला जायचे असते. ते भाडे आणि त्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची, हे किल्ली हाती घेण्यापूर्वीच कागदावर आलेले बरे.