बँडवाल्याचे वर्ष

मुलांनो, लग्नाची वरात तुम्ही पुष्कळ वेळा पाहिली असेल. तुमच्या घरी तिला 'बारात' म्हणतात, एवढाच काय तो फरक. पुढे बँड, मध्ये नाचणारी मुले आणि मागे घोड्यावर नवरदेव. आपण सारे नवरदेवाकडे पाहतो. पुढे वाजवत चालणाऱ्या माणसाकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर! पण हा माणूस रोज असाच राहतो का? वरात संपली की तो कुठे जातो? चला, आज आपण त्याच्याबरोबर एक वर्ष चालून पाहू.

जळगाव शहराजवळ असोदा नावाचे गाव आहे. भरताच्या वांग्यांसाठी ते सगळीकडे प्रसिद्ध आहे. या भागात कापूस आणि केळी ही मोठी पिके. समजा, दिवाळीनंतर तुम्ही या गावातल्या एका लग्नाला गेला आहात. दिवाळीनंतरच का? कारण आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास असतो. या काळात हिंदू घरांत सहसा लग्ने होत नाहीत. कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. ही परंपरा १८७२ पासूनची आहे. वाटेत लालशा बाबांच्या समाधीला फुलांची चादर वाहतात आणि मगच रथ पुढे जातो. मग तुळशीचे लग्न लागते आणि माणसांच्या लग्नांनाही सुरुवात होते. बंद पेट्यांतली वाद्ये बाहेर निघतात. पितळेला चकाकी येते.

आता वाद्यांकडे नीट पाहा. ट्रम्पेटला फक्त तीन खटके असतात. सगळे सूर त्या तीन खटक्यांतून आणि ओठांच्या ताणातून काढायचे. दोन-तीन तास वाजवले की ओठ सुजतात. क्लॅरिनेटचा आवाज वेताच्या पातळ पट्टीतून येतो. युफोनियम खालच्या सुरात साथ देतो. साईड ड्रम आणि ढोल सर्वांना एका तालात ठेवतात. मध्येच कोणीतरी नव्या गाण्याची फर्माईश करतो. बँडमास्तर पहिली ओळ वाजवतात आणि बाकीचे ती लगेच उचलतात. समोर कागद नसतो. चालताना, धुळीत, गर्दीचे धक्के खात हे सारे करायचे असते. त्यासाठी रियाज लागतो. 'रियाज' हा शब्द तुम्हांला समजावून सांगायला नकोच!

ही वाद्ये आपल्याकडे इंग्रजांच्या पलटणींबरोबर आली. पुढे संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले आणि हळूहळू ही वाद्ये लग्नाच्या मांडवापर्यंत पोहोचली. उत्तर प्रदेशातील मेरठ हे शहर ती बनवण्यासाठी नावाजलेले आहे. तेथील जली कोठी भागात वाद्यांची दुकानेच दुकाने आहेत. नादिर अली यांच्या नावाची कंपनी तेथे १८८५ मध्ये सुरू झाली. आपल्या पुण्यातील गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात बँड आणि दरबार बँड यांचे सूर लोक उभे राहून ऐकतात. बँडच्या रांगेत हिंदू वादकाशेजारी मुसलमान वादक असतो. ताल चुकला तर दोघांचाही चुकतो आणि जमला तर दोघांचाही जमतो.

आता थोडा हिशोब करू. बँड ठरवण्याला 'सुपारी देणे' म्हणतात. ठरवताना काही रक्कम आधी देतात. तिला मराठीत 'इसार' म्हणतात. तुम्ही 'बयाना' म्हणता, तोच हा. समजा, १२ वादकांच्या बँडला १८,००० रुपयांची सुपारी मिळाली. गाडीभाड्याचे ३,००० रुपये गेले. वाद्यांची दुरुस्ती आणि गणवेश यांसाठी मालकाने ३,००० रुपये बाजूला ठेवले. उरलेले १२,००० रुपये बारा जणांत वाटले. प्रत्येकाला १,००० रुपये मिळाले. बरे वाटते ना? पण लग्नतिथी मोजक्याच असतात. समजा, वर्षभरात ४० दिवस काम मिळाले, तर हाती ४०,००० रुपये येतील. वर्ष मात्र ३६५ दिवसांचे असते आणि चूल रोज पेटवावी लागते.

म्हणून बँडवाला फक्त बँडवाला राहू शकत नाही. मृगाचा पाऊस पडला की लाल कोट पेटीत जातो. ट्रम्पेट धरणारे हात पेरणीला लागतात. कोणी केळीचे घड वाहतो, कोणी कापूस वेचतो. कोणी शिलाई मशीन चालवतो, कोणी दुकानांच्या पाट्या रंगवतो, कोणी भाजीची गाडी लावतो. मध्ये गणेशोत्सव येतो, नवरात्र येते, एखाद्या उरुसात संदलची मिरवणूक निघते. मुसलमानांच्या लग्नांना चातुर्मासाचा नियम नाही. तेव्हा चार दिवसांसाठी कोट पुन्हा बाहेर निघतो. मोकळ्या संध्याकाळी मास्तर गल्लीतल्या मुलांना सरगम शिकवतात.

तुम्ही म्हणाल, "मग यांचा खरा धंदा कोणता?" हा प्रश्न विचारण्याआधी असोद्याची एक लेक आठवा. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये याच गावात झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांनी गाणी रचली. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. शेतातले काम आणि गाणे यांत त्यांचा खरा धंदा कोणता होता, हे आपण विचारत नाही. मग बँडवाल्याला तरी का विचारावे?

या माणसांवर संकटेही आली. मोठमोठे ध्वनिक्षेपक लावलेली डीजेची गाडी आली. एक यंत्र बारा माणसांचे काम करू लागले. नंतर २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे टाळेबंदी लागली आणि ऐन लग्नसराई बुडाली. एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात लग्नाला फक्त २५ माणसांची आणि दोन तासांची परवानगी होती. पंचवीस माणसांत बँडला कोण बोलावणार? ज्याच्या हाती दुसरे काम होते, त्याला त्याने तारले. दोन वर्षांनी वराती पुन्हा निघाल्या, तेव्हा वाजवणारे ओठ पुन्हा तयार करावे लागले. रियाज सुटला की सूर रुसतो.

आता वरातीच्या शेवटाकडे या. नवरदेव मांडवात शिरतो. सगळे त्याच्यामागे आत जातात. बँड थांबतो. आतून जेवणाचा वास येतो. बारा माणसे बाहेर उभी असतात, कारण उरलेले पैसे अजून मिळालेले नसतात. मास्तर दाराशी जाऊन कोणाला तरी हळू आवाजात विचारतात. "थांबा हो, आत्ता गडबड आहे," असे उत्तर मिळते. ज्यांच्या सुरावर तासभर सारा गाव नाचला, त्यांनाच आपली मजुरी मागताना मान खाली घालावी लागते.

मुलांनो, उद्या तुमच्या भावाच्या किंवा बहिणीच्या लग्नात बँड येईल. त्या दिवशी दोनच गोष्टी करा. बँड थांबला की वादकांना पाणी द्या आणि जेवायला आत बोलवा. आणि घरातल्या मोठ्या माणसांना आठवण करून द्या, "अब्बा, मास्तरांचे पैसे द्यायचे राहिले आहेत." मास्तर ते पैसे मोजून बारा हातांवर ठेवतील. मग लाल कोट काढून, घडी करून, सारे गाडीत बसतील. कारण सकाळी कोणाला कापूस वेचायचा असेल आणि कोणाला दुकान उघडायचे असेल.

स्वाध्याय

१. लग्नसराई कधी सुरू होते?
२. ट्रम्पेट वाजवणे कठीण का आहे?
३. बँडवाल्याला दुसरे काम का करावे लागते? पाठातील हिशोबाच्या आधारे लिहा.
४. 'रियाज' आणि 'फर्माईश' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या वादकाशी बोला आणि त्याच्या कामाविषयी आठ ओळी लिहा.