विद्यापीठांतील शिक्षकभरती : टक्केवारी, बिंदुनामावली आणि ‘एकका’चा प्रश्न

विद्यापीठातील नेमणुका, बढत्या व निवृत्ती या वरवर पाहता त्या त्या संस्थेच्या अंतर्गत बाबी वाटतात. परंतु शिक्षकांच्या नेमणुका कोणत्या नियमांनी होतात, त्यात कोणाला संधी मिळते आणि किती पदे रिकामी राहतात, हे प्रश्न उच्च शिक्षणाच्या धोरणाच्या केंद्रस्थानी आहेत. २०१७ ते २०१९ या काळात देशातील केंद्रीय विद्यापीठांची शिक्षकभरती एका तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नावर अडली होती. आरक्षणाची टक्केवारी मोजताना संपूर्ण विद्यापीठ हे एकक धरावे की प्रत्येक विभाग हे स्वतंत्र एकक धरावे, हा तो प्रश्न होय. टक्केवारीत कोणताही बदल न करता केवळ एकक बदलल्याने आरक्षणाचा प्रत्यक्ष परिणाम जवळजवळ नाहीसा कसा होऊ शकतो, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते. राज्यघटना, सामाजिक न्याय आणि शासनव्यवहार या तिन्ही घटकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण बारकाईने समजून घेणे आवश्यक आहे.

घटनात्मक पार्श्वभूमी

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(४) नुसार राज्यसंस्थेच्या सेवांमध्ये पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गांसाठी पदे राखून ठेवण्याचा अधिकार शासनाला आहे. केंद्र शासनाच्या अखिल भारतीय स्तरावरील थेट भरतीत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के व इतर मागासवर्गांसाठी २७ टक्के आरक्षण आहे. १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षणाची त्यात भर पडली.

टक्केवारी ठरली तरी प्रत्यक्षात कोणते पद कोणत्या प्रवर्गाला द्यावयाचे, हे ठरविण्यासाठी एक यंत्रणा लागते. तिलाच बिंदुनामावली म्हणतात. आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, आरक्षण रिक्त जागांवर नव्हे, तर संवर्गातील एकूण पदांवर मोजले पाहिजे. त्यानुसार केंद्र शासनाने जुलै १९९७ मध्ये पदाधारित बिंदुनामावली लागू केली.

बिंदुनामावलीचे गणित

पद ही अविभाज्य वस्तू आहे. अर्धे किंवा पाव पद कोणालाही देता येत नाही. म्हणून टक्केवारीची बेरीज जेव्हा पूर्णांक होते, तेव्हा त्या प्रवर्गाचा बिंदू येतो. २७ टक्के आरक्षण असलेल्या प्रवर्गाचा हिशेब चौथ्या पदाशी १ च्या पुढे जातो, म्हणून इतर मागासवर्गांचा पहिला बिंदू चौथा. याच रीतीने १५ टक्के असलेल्या अनुसूचित जातींचा पहिला बिंदू सातवा आणि ७.५ टक्के असलेल्या अनुसूचित जमातींचा पहिला बिंदू चौदावा येतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा पहिला बिंदू दहावा आहे.

मोठ्या संवर्गासाठी २०० बिंदूंची नामावली वापरतात. सर्व टक्केवाऱ्या पूर्णांकात बसण्यासाठी २०० ही सर्वांत लहान संख्या आहे. २०० पदांमध्ये अनुसूचित जातींची ३०, अनुसूचित जमातींची १५ आणि इतर मागासवर्गांची ५४ अशी ९९ पदे होतात. दुर्बल घटकांची २० पदे धरल्यास राखीव पदांची संख्या ११९ होते आणि ८१ पदे खुली राहतात.

लहान संवर्गासाठी, म्हणजे २ ते १३ पदे असलेल्या संवर्गासाठी, १३ बिंदूंची नामावली आहे. तिच्यात प्रथम भरतीच्या वेळी जे बिंदू येत नाहीत, ते पुढे पद रिक्त झाल्यावर चक्राकार पद्धतीने येतात. एकच पद असलेल्या संवर्गात आरक्षण लागू करता येत नाही, कारण तेथे ते १०० टक्के होईल. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेसंबंधीच्या खटल्यात १९९८ साली घटनापीठाने हा निर्णय दिला.

एकक बदलले तर काय होते?

एक काल्पनिक विद्यापीठ घेऊ. त्यात ४० विभाग आहेत आणि प्रत्येक विभागात १ प्राध्यापक, २ सहयोगी प्राध्यापक व ४ सहायक प्राध्यापक अशी ७ पदे मंजूर आहेत. एकूण पदे २८० झाली. सोपेपणासाठी येथे फक्त अनुसूचित जाती व जमाती यांचाच हिशेब करू.

विद्यापीठ हे एकक धरल्यास प्राध्यापकांच्या ४० पदांपैकी अनुसूचित जातींच्या वाट्याला ६ व जमातींच्या वाट्याला ३ पदे येतात. सहयोगी प्राध्यापकांच्या ८० पदांपैकी अनुक्रमे १२ व ६, आणि सहायक प्राध्यापकांच्या १६० पदांपैकी अनुक्रमे २४ व १२ पदे येतात. म्हणजे एकूण ४२ पदे अनुसूचित जातींसाठी व २१ पदे अनुसूचित जमातींसाठी राखीव होतात.

आता विभाग हे एकक धरू. प्राध्यापकाचे पद प्रत्येक विभागात एकच असल्याने त्याला आरक्षण लागूच होत नाही. सहयोगी प्राध्यापकांची पदे दोन असल्याने चौथा बिंदूही येत नाही. सहायक प्राध्यापकांच्या चार पदांमध्ये केवळ इतर मागासवर्गांचा चौथा बिंदू येतो. सातवा व चौदावा बिंदू कोणत्याही विभागात येत नाही. परिणामी प्रथम भरतीत अनुसूचित जाती व जमाती या दोन्ही प्रवर्गांच्या वाट्याला शून्य पदे येतात. टक्केवारी तीच, पदे तीच, विद्यापीठही तेच. बदलले आहे ते केवळ एकक.

पुढे चक्राकार पद्धतीने बिंदू येतीलच, असे यावर म्हटले जाते. तत्त्वतः ते खरे आहे, पण काळाचाही हिशेब केला पाहिजे. दोन पदांच्या संवर्गात चौदावा बिंदू येण्यासाठी १२ वेळा पद रिक्त व्हावे लागते. प्रत्येक व्यक्ती त्या पदावर सरासरी २० वर्षे राहते असे गृहीत धरल्यास दर १० वर्षांनी एक पद रिक्त होईल आणि अनुसूचित जमातींच्या उमेदवाराची पाळी येण्यास १२० वर्षे लागतील. कागदावर मान्य असलेला हक्क अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या लांबणीवर पडतो.

न्यायालयीन व वैधानिक घटनाक्रम

विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रा. रावसाहेब काळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामाच्या आधारे २००६ साली मार्गदर्शक तत्त्वे निश्चित झाली. त्यांत विद्यापीठ किंवा महाविद्यालय हे एकक मानून, समान दर्जाच्या सर्व विषयांतील पदांचा एकत्रित विचार करून २०० बिंदूंची नामावली लागू करण्यात आली.

बनारस हिंदू विद्यापीठाच्या भरतीसंबंधीच्या याचिकेवर एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही पद्धत अमान्य केली व विभाग किंवा विषय हे एकक मानावे, असा निर्णय दिला. भिन्न विषयांचे शिक्षक परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत, म्हणून त्यांची पदे एकत्र मोजणे योग्य नाही, आणि विद्यापीठ हे एकक मानल्यास काही विभागांत सर्व पदे राखीव तर काही विभागांत एकही नाही अशी स्थिती उद्भवू शकते, असा या निर्णयामागील युक्तिवाद होता. त्यासाठी नागपूर विद्यापीठासंबंधीच्या १९९० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचाही आधार घेण्यात आला.

येथे एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. राखीव पद कोणत्या विषयातील आहे हे जाहिरातीत स्पष्ट असावे, ही एक अपेक्षा आहे. आरक्षणाची मोजणी विषयनिहाय करावी, ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. पहिली अपेक्षा उमेदवाराला निश्चित माहिती मिळावी यासाठी आहे. दुसऱ्या गोष्टीचा परिणाम थेट प्रतिनिधित्वावर होतो. संपूर्ण विद्यापीठ हे एकक धरूनही विषय आधी जाहीर करता येतो. त्यामुळे पहिली अपेक्षा मान्य केल्याने दुसरी गोष्ट आपोआप सिद्ध होत नाही.

या निर्णयास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी विभाग हे एकक मानण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध देशभर शिक्षक व विद्यार्थी संघटनांनी आंदोलने केली. शासन व आयोग सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दरम्यान जुलै २०१८ मध्ये भरती थांबविण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१९ रोजी ही याचिका फेटाळली व फेब्रुवारीत पुनर्विलोकन याचिकाही फेटाळली. त्यानंतर ७ मार्च २०१९ रोजी अध्यादेश काढण्यात आला. जुलै २०१९ मध्ये संसदेने केंद्रीय शैक्षणिक संस्था (शिक्षक संवर्गातील आरक्षण) अधिनियम, २०१९ संमत करून त्याची जागा भरून काढली.

या अधिनियमात संपूर्ण संस्था हे एकक मानले आहे. विषय किंवा शाखा कोणतीही असो, समान वेतनश्रेणीतील सर्व शिक्षक मिळून एक संवर्ग होतो, अशी त्यातील व्याख्या आहे. त्याची व्याप्ती थेट भरतीपुरती आहे. अल्पसंख्याक संस्था तसेच परिशिष्टात नमूद केलेल्या काही संशोधन संस्था, उदाहरणार्थ मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, त्यातून वगळल्या आहेत. महाराष्ट्रानेही २०२१ च्या स्वतंत्र अधिनियमाद्वारे राज्यातील शिक्षक पदांसाठी विषयनिहाय आरक्षणाऐवजी संवर्गनिहाय आरक्षणाचा मार्ग स्वीकारला.

कायद्यानंतरचे प्रश्न

एककाचा प्रश्न कायद्याने सुटला, परंतु पद राखीव होणे आणि पद भरले जाणे यांत अंतर आहे. २०२२ च्या अखेरीस संसदेत दिलेल्या माहितीनुसार केंद्रीय विद्यापीठांतील १८,९५६ मंजूर शिक्षक पदांपैकी ६,१८० पदे रिक्त होती. त्यांपैकी प्राध्यापकांच्या २,५४४ पदांतील १,५२९, सहयोगी प्राध्यापकांच्या ५,०९८ पदांतील २,३०४ आणि सहायक प्राध्यापकांच्या ११,३१४ पदांतील २,३४७ पदे रिकामी होती. म्हणजे रिक्ततेचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ६०, ४५ व २१ टक्के होते. पद जितके वरचे, तितकी रिक्तता अधिक, असा स्पष्ट कल यात दिसतो. विभागप्रमुख, संशोधन मार्गदर्शक व निवड समित्यांचे सदस्य याच वरच्या श्रेणीतून येतात, हे लक्षात घेता या रिक्ततेचा परिणाम विद्यापीठाच्या सर्व व्यवहारांवर होतो.

दुसरा प्रश्न निवड समित्यांच्या कामाचा आहे. मुलाखतीनंतर ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून राखीव पद रिक्त ठेवले जाते, अशा तक्रारी संसदेतही मांडल्या गेल्या आहेत. असे पद अनुशेषात जाते व पुन्हा जाहिरात निघेपर्यंत ते काम हंगामी किंवा अतिथी शिक्षकांवर पडते. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या मसुद्यातील राखीव पदे अनारक्षित करण्यासंबंधीच्या तरतुदीवरून वाद झाला. तेव्हा २०१९ च्या अधिनियमानंतर केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील कोणतेही राखीव पद अनारक्षित केले जाणार नाही, असे शिक्षण मंत्रालयाने स्पष्ट केले.

विभाग हे एकक मानण्यामागील चिंताही पूर्णतः निराधार नाही. संपूर्ण संस्था हे एकक असताना राखीव पदे काही मोजक्या विभागांत एकवटण्याची शक्यता राहते. तिच्यावर उपाय बिंदुनामावलीच्या पारदर्शकतेत आहे. नामावली संकेतस्थळावर खुली ठेवणे, पदे रिक्त होण्याच्या तारखेनुसार बिंदू लावणे व त्याची नियमित तपासणी करणे या मार्गांनी हा दोष कमी करता येतो.

समारोप

सार्वजनिक धोरणात टक्केवारी ही उद्दिष्ट सांगते, तर ती कशावर मोजावयाची हे ठरविणारे एकक त्या उद्दिष्टाचे भवितव्य ठरविते. मुख्य परीक्षेत आरक्षणावरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना केवळ अनुच्छेद व टक्केवारी यांची यादी न देता मोजणीचे एकक, संवर्गाची व्याख्या, भरतीची गती आणि अनुशेष या चार कसोट्यांवर धोरणाचे परीक्षण करावे. सातव्या किंवा चौदाव्या बिंदूवर ज्याचा हक्क आहे, त्या उमेदवाराच्या दृष्टीने कायद्याचे यश त्याच्या नेमणुकीचा आदेश निघाल्यावरच मोजता येते.