चिडाचा स्राव व टर्पेंटाइन तेल : औषधी उपयोग आणि सुरक्षितता

चीड हा हिमालयाच्या उतारांवर वाढणारा सूचिपर्णी वृक्ष. संस्कृत ग्रंथांत त्यास ‘सरल’ व त्याच्या स्रावास ‘श्रीवेष्टक’ म्हटले आहे. बाजारात हा स्राव ‘गंधाबिरोजा’ या नावाने ओळखला जातो. खोडास खाच देऊन गोळा केलेल्या या स्रावाचे ऊर्ध्वपातन केले असता टर्पेंटाइन तेल वेगळे होते व घन राळ मागे उरते. दक्षिण भारतात चिडाची नैसर्गिक वने नाहीत. तरीही हे तेल येथील गोठ्यांपर्यंत पोहोचले आहे. त्यामुळे त्याची नेमकी ओळख पशुपालकास असणे आवश्यक आहे.

नामसाधर्म्यातील धोका

रंगाच्या दुकानात ‘मिनरल टर्पेंटाइन’ या नावाने मिळणारा द्रव खनिज तेलापासून बनतो. त्याचा चिडाशी काहीही संबंध नाही. तो जनावरांच्या औषधासाठी वापरू नये. ‘राळ’ हे नावही साल वृक्षाच्या स्रावास दिले जाते. म्हणून केवळ नावावर विसंबून न राहता औषध दुकानातील लेबल असलेली बाटलीच घ्यावी.

रासायनिक घटक

जॉन लायनेल सायमनसेन यांनी 1920 च्या सुमारास भारतीय टर्पेंटाइनमधील कॅरीन व लाँगिफोलीन या घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते पुढे बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. कॅरीनचा हवेशी संयोग होऊन जी संयुगे तयार होतात, ती त्वचेवर इसब उत्पन्न करू शकतात. त्यामुळे दीर्घकाळ उघडी राहिलेली, अर्धवट भरलेली बाटली वापरू नये. राळेतील आम्लांमुळेही काही व्यक्तींना त्वचेची ॲलर्जी होते; तापलेल्या राळेच्या धुराने दमा होऊ शकतो.

जखमेतील अळ्यांवर उपयोग

माशीने जखमेच्या कडेस अंडी घातल्यावर साधारणतः एका दिवसात अळ्या बाहेर पडतात व जिवंत मांस खाऊ लागतात. यासच ‘आसडी पडणे’ म्हणतात. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा जखमेत थोडा वेळ ठेवल्यास अळ्या पृष्ठभागाकडे येतात. त्या चिमट्याने काढून बोळाही काढून घ्यावा, जखम स्वच्छ करून जंतुनाशक लावावे. तेल जखमेत ओतू नये व रोज वापरू नये. त्याने निरोगी पेशी भाजतात व जखम भरण्यास विलंब लागतो. डोळे, कास व नाकपुड्या यांपासून ते दूर ठेवावे. मांजरावर त्याचा वापर टाळावा. जखम खोल असल्यास पशुवैद्यकास बोलवावे.

पोटफुगीत सावधगिरी

पोटफुगीत खाद्यतेलात टर्पेंटाइन मिसळून पाजण्याची पद्धत जुनी आहे. परंतु पाजताना ठसका लागून द्रव फुप्फुसात गेल्यास घातक न्यूमोनिया होतो. मूत्रपिंडांनाही त्याचा दाह होतो आणि दुधास व मांसास वास लागतो. म्हणून मात्रा व पद्धत पशुवैद्यकानेच ठरवावी. शुद्ध तेल कधीही पाजू नये.

घरातील दक्षता

जंतांवरील किंवा पोटदुखीवरील उपाय म्हणून माणसाने हे तेल पिऊ नये. लहान मुलाच्या बाबतीत सुमारे 15 मि.ली. मात्राही प्राणघातक ठरू शकते. चुकून प्यायल्यास उलटी करवू नये. उलटीबरोबर तेल फुप्फुसात शिरते. बाटलीसह रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. तेल ज्वालाग्राही असल्याने चूल व दिवा यांपासून दूर, घट्ट बूच लावून, मुलांच्या हाती न लागेल असे ठेवावे. पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील बैठकीत दोन्ही बाटल्यांची लेबले शेजारी ठेवून वाचून दाखवावीत. औषध कोणते व रंगकामाचा द्रव कोणता, हा भेद स्पष्ट झाला, तरी अनेक अपघात टळतील.