तिसरा ड्रॉप नको, एमआरडीचं दार ठोठावा

नीटचा निकाल लागला की समुपदेशकांकडे दरवर्षी तेच प्रश्न येतात. ‘चारशे ऐंशी आहेत, अजून एक ड्रॉप घ्यावा का?’ ‘बीडीएस नको, बीएएमएस नको, मग करायचं काय?’ विचारणारा बहुतेक वेळा विद्यार्थी नसतोच. बाबा बोलतात, आई आकडे पुरवते आणि ज्याची वर्षं पणाला लागली आहेत तो मुलगा शेजारी गप्प असतो.

2024 साली देशभरात 23 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, लाखाच्या थोड्या वर होत्या. पहिला ड्रॉप समजण्यासारखा आहे. आजारपण, बारावीचं ओझं, चुकलेलं नियोजन ही कारणं खरी असतात. पण दोन ड्रॉप घेऊनही गुण जागचे हलले नसतील, तर तिसरा ड्रॉप अभ्यासासाठी नसतो. तो ‘पाहुण्यांना काय सांगायचं’ यासाठी असतो. पालकांना हे ऐकवत नाही, तरी ऐकवायलाच हवं: मुलाच्या विशीतलं एक वर्ष घराच्या प्रतिष्ठेवर खर्च करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, लॅब टेक्नॉलॉजी हे रस्ते चांगले आहेत आणि त्यांची माहिती कुठेही मिळते. ज्याकडे जवळपास कुणीच बघत नाही ते काम वेगळं आहे. रुग्णालयात रुग्णाची माहिती नीट लिहिली जाते का, जपली जाते का आणि योग्य माणसापर्यंत वेळेत पोचते का, हे तपासण्याचं काम.

हे कारकुनी काम वाटत असेल, तर प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते पाहा. रुग्णालयाच्या मानांकनासाठी आलेला असेसर, म्हणजे तपासनीस, संगणक किती नवे आहेत हे मोजत नाही. तो एमआरडीत, म्हणजे रुग्णांच्या फायली ठेवणाऱ्या मेडिकल रेकॉर्ड विभागात जातो आणि नुकत्याच डिस्चार्ज झालेल्या एखाद्या रुग्णाची फाइल मागवतो. पहिल्या पानावर पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद आहे. ती औषधाच्या तक्त्यावर उतरली आहे का? रात्री पावणेतीनला डॉक्टरांनी फोनवरून सांगितलेल्या इंजेक्शनखाली नंतर त्यांची सही, तारीख आणि वेळ पडली आहे का? पोटॅशियम 6.8 आलं, म्हणजे हृदयाची लय कधीही बिघडू शकते. हा आकडा लॅबला किती वाजता कळला, वॉर्डात कुणाला कळवला, ऐकणाऱ्या सिस्टरने तो परत म्हणून दाखवला का आणि डॉक्टर किती वाजता आले? सकाळी ओव्हर देताना पुढच्या पाळीला हे सांगितलं का? मग असेसर वॉर्डात जाऊन विचारतो, ‘आत्ता सर्व्हर बंद पडला तर?’ छापील फॉर्म कपाटात असून भागत नाही. किल्ली कुठे आहे हे रात्रपाळीच्या सिस्टरला ठाऊक असावं लागतं.

हा प्रश्न काल्पनिक नाही. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस ओपीडी, भरती आणि लॅबचे रिपोर्ट हातानं सांभाळावे लागले.

या तपासणीमागे पक्की चौकट आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेअंतर्गत 2005 मध्ये एनएबीएच हे मानांकन मंडळ स्थापन झालं. रुग्णालयांना मानांकन देताना त्याच्या निकषांत माहिती व्यवस्थापनाचं स्वतंत्र प्रकरण असतं. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवाव्या लागतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्याव्या लागतात. कागदांसाठी हेलपाटे घातलेल्या नातेवाइकांना या नियमाची किंमत कळते. 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, प्रत्येकाच्या आरोग्य नोंदी जोडणारा 14 अंकी आभा क्रमांक आला. पण क्रमांक काढणं सोपं. सोलापुरात काढलेला रिपोर्ट पुण्यातल्या डॉक्टरला खरोखर दिसणं आणि समजणं अवघड. दोन्हीकडच्या संगणकांनी एकाच आजाराला एकच सांकेतिक नाव द्यावं लागतं. आरोग्य नोंदींच्या अशा मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. शेजारी असूनही इथल्या किती पालकांनी त्याचं नाव ऐकलंय?

शिरकाव कसा करायचा? हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटची पदवी मणिपालला मिळते. कोणतीही पदवी घेऊन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) किंवा पुण्याच्या सिंबायोसिसमध्ये रुग्णालय व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं आणि तिथून क्वालिटी विभागात जाता येतं. नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना तर हा रस्ता फारच सोयीचा, कारण फाइलमधली भाषा त्यांना आधीच येते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. पदवी हातात पडताच कुणी असेसर होत नाही. आधी काही वर्षं रुग्णालयात काढावी लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि सीनियर सर्जनला ‘सर, इथे वेळ लिहायची राहिली’ असं सांगण्याचं धाडस लागतं. ज्याला बारकावे आवडतात आणि भिडेखातर गप्प बसवत नाही, त्याला हे काम मानवतं. ज्याला फक्त संगणकासमोर बसायचंय, त्याने इकडे येऊ नये.

सध्या ‘तीन महिन्यांत मेडिकल कोडिंग, नोकरीची हमी’ किंवा ‘हेल्थकेअर एआय सर्टिफिकेट’ असे फलक गावोगाव लागले आहेत. आजारांना सांकेतिक क्रमांक देणं हे खरं कौशल्य आहे, पण शरीररचना आणि आजार न शिकवता ते येत नाही. ड्रॉपच्या क्लासवर पैसे गेले म्हणून घाईने इथे आणखी ओतू नका.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला विचारा: विद्यापीठाची मान्यता आहे का, इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात आणि किती महिने, गेल्या वर्षीची मुलं कुठे लागली. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा समावेश आहे. आपला अभ्यासक्रम त्याखालच्या नोंदणीस पात्र ठरेल का, याचं उत्तर लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर फी भरू नका.